आधी त्याचं म्हणणं सांग

संपादकांनी पत्रात लिहिलं, ‘आपल्या अध्यापनकार्याविषयी दिवाळी अंकासाठी काही लिहावं.’ कार्य वगैरे माझ्या हातून झालेलं नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली, पगार घेतला आणि पोरांशी भांडलो. त्यातलं पहिलं भांडण सांगतो. ते ज्या तऱ्हेनं लढलो त्याचा मला आजही अभिमान आहे. आणि त्या भांडणात डोळ्यासमोरची एक गोष्ट मला तीन आठवडे दिसली नाही, त्याची लाज आहे. एक सांगून दुसरं झाकायचं, हे मला जमणार नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं. नगरात एक लहानसं कॉलेज नव्यानं निघालं होतं. पुढं ते बंद पडलं, म्हणून नाव सांगत नाही. इमारत भाड्याची, मूळची कापसाची वखार. भिंतीच्या फटींतून सरकी निघायची आणि वरच्या झरोक्यांतून पारवे वर्गात यायचे. मी तिथं तर्कशास्त्र, म्हणजे लॉजिक, शिकवायला लागलो. त्या काळी आर्ट्सच्या दोन वर्षांच्या इंटरला लॉजिक असायचंच. एक विधान खरं, दुसरं खरं, तर त्यातून तिसरं निघतं की नाही, एवढाच त्या विषयाचा जीव. पण तो पाजायचा इंग्रजीतून, आणि पोरं आलेली राहुरी, शेवगाव, कर्जतकडची.

मी स्वतः मिरजगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथी ओलांडली नव्हती. बी. ए. झालो तेव्हा पेढे वाटताना ‘बी. ए. म्हणजे काय’ हे सांगण्यातच सकाळ गेली. एका म्हातारीनं विचारलं, “म्हंजे तलाठ्याच्या वर का खाली?” आमचे आबा म्हणाले, “वर.” म्हातारीचं समाधान झालं आणि, खोटं कशाला बोलू, माझंही झालं.

कॉलेजातलं शिकवणं म्हणजे तेव्हा काय होतं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. प्राध्यापकानं चौथऱ्यावर उभं राहायचं आणि पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगायच्या. पोरांनी माना खाली घालून त्या उतरवायच्या. परीक्षेला त्या पाठ करून परत कागदावर ओतायच्या. मीही असाच पास झालो होतो, आणि पहिलं वर्षभर असंच शिकवलंही.

मग एके दिवशी पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या. भानुदास म्हणून राहुरीकडचा एक पाटलाचा पोरगा होता, अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. त्याच्या वहीत विधानाची व्याख्या अगदी सुबक अक्षरात उतरवलेली, आणि तिच्या मधोमध, त्याच शाईत, इंग्रजीत लिहिलेलं : ‘प्लीज क्लोज दॅट विंडो.’ नोट्स सांगताना वारा आला म्हणून मी कुणाला तरी खिडकी लावायला सांगितलं होतं. पोरानं खिडकीसकट व्याख्या उतरवली होती. पुढची वही उघडली, तिच्यातही खिडकी. ज्या पाच जणांनी भानुदासची वही बघून लिहिलं, त्या पाचही जणांच्या व्याख्येत खिडकी लावलेली.

मी भानुदासला विचारलं, “हे काय लिहिलंस?”

“आपण सांगितलं ते, सर.”

“कळलं का?”

“कळायचं परीक्षेच्या टायमाला बघू की, सर. आत्ता लिहायची घाई असती.”

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. ह्या पोरांचे बाप त्यांना माझ्याकडं पाठवतात आणि मी त्यांचे कारकून बनवतो, तेही न कळता लिहिणारे.

मेच्या सुटीत गावी गेलो. आबांना गावात मान होता तो न्यायनिवाड्याचा. लिहितावाचता येत नव्हतं, पण तंटा झाला की लोक त्यांना चावडीवर बोलावून न्यायचे. त्या सुटीत शेताच्या वाटेवरून दोन शेजाऱ्यांचं जुंपलं होतं. एकजण तावातावानं उठला, “आबा, माजं ऐका आदी…”

आबा म्हणाले, “तुजं मागनं. आदी त्येचं म्हननं काय हाय ते तू सांग. त्यानं ‘व्हय, ह्येच’ म्हनलं, की मंग तुज्याकडं वळू.”

तो गडी शेजाऱ्याचं म्हणणं सांगायला लागला. शेजारी म्हणाला, “ह्ये मी बोललोच न्हाई.” पुन्हा सांगितलं. पुन्हा न्हाई. चौथ्या खेपेला शेजारी म्हणाला, “व्हय, ह्येच.” तोवर दोघांचाही निम्मा राग उतरला होता आणि भांडण कशावरून आहे ते दोघांनाही पहिल्यांदाच नीट कळलं होतं. मी तिथं खांबाला टेकून बसलो होतो. लहानपणापासून शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी वाटलं, अरे, हेच तर लॉजिक!

जूनमध्ये कॉलेज उघडलं तसा प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेलो. ते पुण्याकडचे, शिस्तीचे, कमी बोलणारे. मी सांगितलं, नोट्स बंद करतो. पोरांना समोरासमोर बसवतो, एक वाद देतो. आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं, मग आपलं. आणि बोलायचं मराठीत, नाहीतर तोंडं उघडत नाहीत.

ते म्हणाले, “ही चावडी नाही, कॉलेज आहे. पेपर इंग्रजीत असतो, लक्षात आहे ना?”

“आहे, सर.”

“तुमची नेमणूक वर्षाची. दिवाळीआधी सहामाही. पेपर मी काढीन आणि मीच तपासीन. निम्मा वर्ग, म्हणजे चाळिसातले वीस पास झाले तर असंच चालू द्या, नोकरीही पुढं चालेल. एक जरी कमी पडला तर नोट्स. नोट्स द्यायच्या नसतील तर जूनपासून मी दुसरा माणूस बघीन. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. घरी बायको, एक तान्ही मुलगी. तरी दुसरा शब्द तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाकं भिंतींना लावली आणि वर्गाला सांगितलं, “आजपासून ही आपली चावडी. पाच पंच निवडा.” पोरांना गंमत वाटली. पंच म्हणून अर्थातच भानुदास आणि त्याच्यासारखे चौघे मोठ्या घरचे पुढं बसले. मी वाद दिला : पावसात भिजतो तो आजारी पडतो. गणपत आजारी पडला. म्हणून गणपत पावसात भिजला. हे निघतं का?

खरं म्हणजे निघत नाही. गणपत आणखी कशानंही आजारी पडला असेल. पण पोरं अशी कडाडून भांडली, की पलीकडच्या वर्गातले इतिहासाचे प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले. एक बाजू म्हणे भिजला, दुसरी म्हणे न्हाई भिजला. एकमेकांचं म्हणणं चोख सांगितलं. माझी छाती फुगली. मग पंचांनी डोकी एकत्र केली आणि भानुदास उभा राहून निकाल देता झाला :

“दोन्ही बाजूंचं ऐकलं. दोघांचंही थोडंथोडं खरं हाय. गणपत गुडघ्यापर्यंत भिजला असं धरावं आन् वाद मिटवावा.”

दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. हातात हात दिले. मी कपाळाला हात लावला. गावात वाढलेल्या पोरांनी पंचांचं काम अगदी बरोबर केलं होतं. पंचानं गाव फुटू द्यायचं नसतं, दोघांना घरी नीट पाठवायचं असतं. पण लॉजिकमध्ये गणपतला गुडघ्यापर्यंत भिजवून चालत नाही.

म्हणून मी निकाल बंद केला आणि नवा नियम घातला. दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून झालं, की ते ‘मोडून’ दाखवायचं. मोडायचं म्हणजे असं उदाहरण आणायचं, ज्यात त्याची आधीची वाक्यं खरी राहतात आणि शेवटचं खोटं पडतं, नाहीतर आधीच्यातलं एखादं वाक्यच खोटं ठरतं. हे मात्र पोरांना भलतंच जमलं. एकानं गणपतला शिळी भाकरी खायला घालून कडकडीत उन्हात आजारी पाडला. आठवडाभर वर्गात नुसती मोडतोड चालली होती. मी खूष होतो. रस्त्यानं चालताना स्वतःशी हसायचो.

वर्गात दोन मुली होत्या. त्यातली सरला नगरच्याच एका डॉक्टरांची, स्पष्ट बोलणारी. एकदा तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, “सर, एक विचारू? शांतवन वर्गात बोलत का नाही?”

शांतवन हा बेलापूरकडचा ख्रिस्ती मुलगा, मिशनच्या शाळेत शिकलेला. मी म्हणालो, “लाजाळू आहे.”

“लाजाळू नाही, सर. आधी बाकं ओळीत होती तेव्हा तो दुसऱ्या बाकावर बसायचा. आपण चावडी म्हणालात त्या दिवसापासून तो दाराशी, उंबऱ्याला लागून, खाली बसतो. बाकावर जागा असते तरी. आपल्या लक्षात आलं नाही?”

आलं नव्हतं. तीन आठवडे तो माझ्यासमोर जमिनीवर बसत होता, आणि मी गणपतमध्ये गुंतलो होतो.

बाहेरगावची पोरं बोर्डिंगात राहायची, तिथल्या आवारात संध्याकाळी त्याला गाठलं. तो धुतलेला सदरा झटकत होता. विचारलं, तसा शांतपणे म्हणाला, “सर, आपण चावडी म्हणालात. चावडीत आमचे लोक कुठं असतात ते आपल्याला ठाऊक आहे. माझा आजा ख्रिस्ती झाला, पण गावाच्या लेखी आमचं घर अजून महारवाड्यातच आहे.”

“अरे, पण ही खरी चावडी नव्हे. हे कॉलेज आहे.”

“मग कॉलेज म्हणा, सर.”

तो पुढं म्हणाला, “चावडी मला येते. ती शिकायला मी इतक्या लांब आलो नाही. मी लॉजिक शिकायला आलो.”

त्या रात्री आबांची चावडी डोळ्यापुढं आणली. आबा, खांब, घोंगडी, तंटा घेऊन आलेली माणसं. आणि पायऱ्यांच्या खाली, उन्हात, काही माणसं उभी असायची. त्यांचा तंटा असला तरी ती तिथूनच बोलायची. ‘आधी त्याचं म्हणणं सांग’ असं आबांनी त्यांच्याबाबतीत कधी कुणाला सांगितलेलं मला आठवेना. मी चावडीतलं चांगलं तेवढं उचलून आणलं अशा भ्रमात होतो. आणली होती सगळी, पायऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, “चावडी बंद. माझी चूक झाली. पंचही बंद. आता चिठ्ठ्या.” कागदाची टंचाई होती, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या कडा कापून चाळीस नावं लिहिली आणि माझ्या टोपीत टाकली. ज्या दोघांच्या चिठ्ठ्या निघतील ते शेजारी शेजारी एका बाकावर बसतील, एकानं वाद मांडायचा, दुसऱ्यानं तो सांगून मग मोडायचा. शांतवनकडं न बघता म्हणालो, “जमिनीवर कुणी बसायचं नाही. धूळ आहे.” तो उठून बाकावर बसला.

चौथ्या की पाचव्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या : शांतवन आणि भानुदास. वाद शांतवननं मांडायचा होता. तो उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं स्वच्छ म्हणाला :

“जी विहीर गावाची असते तिच्यावर गावातला कुणीही पाणी भरतो. आमच्या गावातल्या विहिरीवर आमची माणसं पाणी भरत नाहीत. म्हणून ती विहीर गावाची नाही.”

भानुदास उठला. “ह्यो म्हनतोय, पाटलांनी विहीर बळकावली.”

“नाही,” शांतवन म्हणाला. “हे मी म्हणालो नाही.”

“मंग ह्यो म्हनतोय, आमी ह्यांना पानी देत न्हाई.”

“नाही. तुझं नावच घेतलं नाही. तुझं गाव वेगळं, माझं वेगळं.”

“आमच्याकडंबी तसंच हाय, मला कळत न्हाई व्हय? टोमना मारतोय, सर, ह्यो!”

“हेही मी म्हणालो नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “भान्या, तीन झाले!” आणि पोरं हसली. भानुदासचं तोंड लाल झालं. पाटलाचा पोरगा, आणि शांतवननं ‘हो’ म्हटल्याशिवाय त्याला पुढं बोलता येत नव्हतं. तो माझ्याकडं वळला. “सर, मला दुसरी चिठ्ठी द्या.”

“चिठ्ठी बदलत नाही,” मी म्हणालो.

तो वही उचलून बाहेर गेला. त्याच्यामागं सात-आठ जण गेले.

दुपारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. “आठ-नऊ मुलं बाहेर गेली. सहामाही पाच आठवड्यांवर आहे. ती आली नाहीत तर तुमचे वीस कुठून भरणार? चिठ्ठ्या बंद करा, आपापल्या जोड्या करू द्या. परत येतील.”

“आपापल्या जोड्या केल्या तर शांतवनच्या जोडीला कोण बसेल, सर?”

ते म्हणाले, “नोकरी तुमची आहे.”

“होय, सर.”

तीन दिवस भानुदास आला नाही. मी रोज त्याची आणि शांतवनची चिठ्ठी वर काढून ठेवायचो आणि म्हणायचो, “हा वाद अजून मोडायचा आहे.” बोर्डिंगमधून बातम्या यायच्या. भानुदास जेवताना स्वतःशीच पुटपुटतो. भानुदासनं आंघोळीला जाताना एकाला विचारलं, ‘त्याचं दुसरं वाक्य नेमकं काय होतं रे?’ चौथ्या दिवशी तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. तो दारात उभा.

“सर, एकदा बोलू का?”

आत येऊन तो सरळ शांतवनच्या बाकावर बसला, मग उभा राहिला. “ह्याचं म्हननं असं. येक : गावाच्या विहिरीवर कुनीबी पानी भरतं. दोन : ह्याच्या गावच्या विहिरीवर ह्याची मानसं भरत न्हाईत. म्हनून ती विहीर गावाची न्हाई. ना जास्त, ना कमी.”

शांतवन म्हणाला, “हो. हेच.”

“आता मोडतो. आमच्या गावची शाळा लोकल बोर्डानं गावासाठी बांधली. सुटीत तिला कुलूप असतं. कुनालाबी आत जाता येत न्हाई. म्हनून ती शाळा गावाची न्हाई का? गावाचीच हाय! कुलूप कोनी लावलं, ती गोष्ट येगळी. तसंच विहिरीचं. कुनाला भरू देत न्हाईत म्हनून विहीर गावाची न्हाई असं म्हनता येत न्हाई. ह्याचं पयलं वाक्यच खोटं हाय. विहीर गावाचीच हाय!”

पोरांनी बाकं बडवली. त्याच्यासोबत बाहेर गेलेले दारात गोळा झाले होते, तेही ओरडले. माझ्या मनात आलं, मोडलं, आणि अगदी चोख मोडलं.

शांतवन म्हणाला, “मोडलं. माझं चुकलं.” आणि भानुदासकडं वळून, “म्हणजे विहीर गावाची आहे. आणि आम्ही गावातलेच आहोत. मग ती आमचीही आहे, असं तू म्हणतोस?”

बडवणं थांबलं. भानुदासनं वर पारव्यांकडं बघितलं. मला वाटलं, हा पुन्हा वही उचलणार. पण तो म्हणाला, “व्हय. तसंच निघतंय.”

“हेच तुझं म्हणणं?”

“व्हय म्हनलं ना. ह्येच.” आणि खाली बसला. त्याच बाकावर.

एवढ्यानं त्यांच्या गावच्या विहिरी खुल्या झाल्या असं कुणी समजू नये. झाल्या नाहीत. पण त्या वर्गात त्यानंतर शांतवनला कुणी टाळलं नाही. उलट त्याच्यासमोर चिठ्ठी निघाली की पोरं बाह्या सरसावायची, कारण त्याचा वाद मोडणं ही मर्दुमकी ठरली होती.

सहामाही झाली. आठवड्यानं प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. टेबलावर गठ्ठा, आणि बाजूला एक सुटी उत्तरपत्रिका.

“एकोणीस पास आहेत,” ते म्हणाले. “चांगले पास आहेत. डॉक्टरांची मुलगी, तो शांतवन, यांचे पेपर मी दोनदा वाचले. आता हा एक उरला. इतर प्रश्नांत तीस आहेत. पास व्हायला पस्तीस लागतात. शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा. मला त्यात झाडं दिसली, वाद दिसला नाही. तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना ओळखता. तुम्ही तपासा. तुम्ही द्याल ते मार्क मी धरीन.” त्यांनी लाल पेन्सिल माझ्यापुढं ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

पेपर भानुदासचा होता. प्रश्न असा होता : फळणाऱ्या प्रत्येक झाडाला पाणी मिळालेलं असतं. या झाडाला पाणी मिळालं आहे. म्हणून हे झाड फळेल. निघतं का? भानुदासच्या इंग्रजीचं मराठी केलं तर काहीसं असं होईल : ‘झाड पाणी. आंबा पाणी फळ. बाभूळ पाणी. बाभूळ आंबा कुठं?’ बस्स.

मला सगळं कळलं. आंब्याला पाणी मिळालं, तो फळला. बाभळीलाही पाणी मिळालं, तिला आंबे कुठून येणार? म्हणजे पाणी मिळालं तरी झाड फळेलच असं नाही. उदाहरण त्याच्या परीनं नामी होतं. पाच मार्क दिले की विसावा पास, माझी नोकरी कायम, पद्धत कायम.

मी पेन्सिल उचलली. दहा आठवडे मी त्या पोरांना एकच शिकवलं होतं : समोरचा जे बोलला तेच ऐका. त्याच्या मनात काय असेल ते त्याच्या तोंडी घालू नका. आणि आता मी भानुदासनं न लिहिलेलं वाचत होतो. त्यात माझा फायदाही होता. पेपर इंग्रजीत आहे हे मला जूनपासून ठाऊक होतं. मराठी वादाच्या रंगात मी ते मागं टाकलं. शहरातली आणि मिशनच्या शाळेतली पोरं तरली. भानुदास बुडाला, आणि बुडवणारा मी होतो.

उदाहरण सुचल्याचे तीन मार्क दिले. तेहतीस.

साहेबांनी कागद पाहिला. चष्मा काढून पुसला. “दोन मार्क,” ते म्हणाले. “का दिलेत, हे मी तुम्हाला विचारलंही नसतं.”

“मला ठाऊक आहे, सर.”

“दुसऱ्या सत्रात नोट्स द्या. पुढच्या वर्षाचं मी बघतो.”

“नोट्स देणार नाही, सर. वर्ष संपेपर्यंत मला शिकवू द्या. जूनपासून दुसरा माणूस बघा. ठरलंच आहे तसं.”

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “दोनच मार्कांचा प्रश्न होता, तर तुमचा हात एवढा जड कसा झाला?” मी म्हणालो, “नंतर कधीतरी समजावतो.” ती म्हणाली, “समजलंय मला. समजलंय म्हणूनच विचारते.”

दिवाळीनंतर भानुदास पेपर घेऊन आला. “सर, बाभळीत काय चुकलं?”

“बाभळीत काही चुकलं नाही. ती तुझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. चूक निम्मी माझी आहे.”

“निम्मी कुनाची का आसंना,” तो म्हणाला, “आता कागदावर आनायला शिकवा.”

मग दुसऱ्या सत्रात आम्ही प्रत्येक वाद आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोडला. चिठ्ठ्या त्याच, बाकं तीच. पहिले पंधरा दिवस वर्गात स्मशानशांतता. इंग्रजीत भांडायचं तर राग टिकत नाही, शब्द शोधण्यातच विझतो. शांतवन रोज संध्याकाळी भानुदासला घेऊन बसायचा, फुकट नाही. मोबदल्यात भानुदासनं त्याला सायकल शिकवायची, असा करार होता. फेब्रुवारीपर्यंत भानुदासला पूर्ण वाक्यं यायला लागली आणि शांतवनचे दोन्ही गुडघे फुटले.

मार्चमध्ये मी कॉलेज सोडलं. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. मला श्रीरामपूरला एका हायस्कूलात जागा मिळाली, पगार कमी. कॉलेजात पुन्हा शिकवायला मिळायला मला सहा वर्षं लागली, आणि ती सहा वर्षं मला जड गेली हे लपवत नाही. इंटरचा निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा स्टेशनवर उभ्याउभ्या नंबर शोधले. भानुदास थर्ड क्लासात पास होता. शांतवन सेकंड क्लासात, सरला त्याच्याही वर. चाळिसातले सत्तावीस. साहेबांचं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही.

पण पावसाळा सरता सरता एक तरुण गृहस्थ शाळेत मला विचारत आला. माझ्या जागी आलेला लॉजिकचा नवा प्राध्यापक. कोट नवा, चेहरा त्रासलेला.

“प्रिन्सिपॉलसाहेबांनी पाठवलं,” तो म्हणाला. “मी नोट्स देतो, पण मुलं लिहीतच नाहीत. बोर्डिंगमध्ये तो भानुदास आणि शांतवन खालच्या वर्गातल्या मुलांना टोपीतून चिठ्ठ्या काढून भांडायला बसवतात. काल मी एकाला रागावलो, तर उभा राहून काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, ‘सर, आधी आमचं म्हणणं काय आहे ते आपण सांगा.’”

“मग सांगितलंत का?”

“काय सांगणार? मला कुठं ठाऊक आहे त्यांचं म्हणणं?” त्यानं खिशातून वही आणि पेन काढलं. “साहेब म्हणाले, तुमच्याकडून पद्धत उतरवून आणा. सांगा आपण, मी लिहून घेतो.”

मी म्हटलं, “वही खिशात ठेवा. नोट्स द्याव्यात असं तुमचं मत आहे ना? माझं नेमकं उलट आहे. बसा, आणि माझं म्हणणं आधी मला सांगा.”

शाळेच्या ओट्यावर आम्ही समोरासमोर बसलो. तीनदा मला त्याला म्हणावं लागलं, “नाही, हे मी म्हणालो नाही.” चौथ्यांदा तो घाम पुसत थांबला, सावकाश बोलला, आणि मी म्हणालो, “हो. हेच. आता मोडा.”